चाकोरी : एक दृष्टांत आणि त्याचे दार्ष्टान्तिक

विषयप्रवेश

उपदेश घेऊन पंचवीस वर्षे झालेला एक वासनिक आहे असे मानावे. पहाटे उठणे, स्नान, देवपूजा, प्रसादवंदन, पोथीचे नेमलेले पान आणि गाठीवरील नामस्मरण यांपैकी एकही गोष्ट त्याने सहसा चुकविलेली नाही. गावातील मंडळी त्याच्या नेमाचा दाखला देतात. एके दिवशी पोथी मिटून तो उठतो आणि शाळेत जाणारी नात सहज विचारते, ‘‘आजोबा, आज कोणती लीळा वाचली?’’ आजोबा उत्तर देऊ जातात, पण उत्तर येत नाही. आताच, या क्षणी मिटलेल्या पानावर काय होते ते त्यांस आठवत नाही. ओठांनी वाचले, बोटाने पान उलटले, मस्तक पोथीला लागले, आणि मन त्या वेळी कोठे होते याचा त्यांना पत्ता नाही. नात खेळावयास निघून जाते. आजोबा मात्र बराच वेळ तेथेच बसून राहतात.

हा प्रसंग एकाच घरचा नव्हे. आश्रमातील साधूला तो भिक्षेची झोळी खांद्यावर घेताना येतो, तपस्विनीला निरूपण ऐकता ऐकता येतो आणि महंताला निरूपण सांगता सांगताही येतो. विधी चालू आहे, परंतु विधी करणारा जागा नाही, अशी ही अवस्था होय. व्यवहारातही ती आढळते. कचेरीत तीस वर्षे तेच कागद हाताळणारा, दुकानात तेच माप तेच बोलणे करणारा, घरात रोज त्याच वेळी तोच वाद घालणारा माणूस याच अवस्थेत असतो. मराठी भाषेने या अवस्थेला एक नेमका शब्द दिला आहे, तो म्हणजे ‘चाकोरी’. या शब्दाचा अर्थ नीट उलगडला तर अवस्थेचे कारण कळते, आणि कारण कळले की उपायही हाती लागतो. यास्तव प्रस्तुत विवेचनाचा आधार हा शब्दच होय.

केशिराजबासांनी सिद्ध केलेल्या दृष्टांतपाठाची रीत जिज्ञासूंना परिचित आहे. प्रथम सर्वज्ञांचे सूत्र, नंतर त्यावरील दृष्टांत आणि शेवटी दृष्टांतातील एकेक अंग मूळ सिद्धांताला लावून दाखविणारे दार्ष्टान्तिक, अशी ती त्रिविध मांडणी आहे. पुढील दृष्टांत त्या ग्रंथातील नव्हे. तो शेतकऱ्याच्या व्यवहारातून घेतलेला आहे, मांडणी मात्र त्या रीतीने केली आहे.

दृष्टांत

काळ्या जमिनीच्या मुलखात एक गाडीवाट असते. पावसाळ्यात लोखंडी धाव बसविलेली चाके मऊ चिखलात रुततात आणि दोन समांतर घळी पडतात. मागून येणारी गाडी आपोआप त्याच घळीत शिरते. तिच्यामागची तिसरी गाडी ती घळ आणखी खोल करते. पुढे ऊन पडते, जमीन वाळते, आणि पावसात मऊ असलेली घळ उन्हाळ्यात दगडासारखी कठीण होते. हीच चाकोरी.

चाकोरीचा प्रथम लाभच होतो. गाडीवानाला कासरा ताणावा लागत नाही. बैलांना वाट शोधावी लागत नाही. रात्री गाडीवान झोपला तरी गाडी घरी पोहोचते. परंतु घळ फार खोल झाली म्हणजे दोन घळींमधील उंचवटा गाडीच्या आसाला लागू लागतो. चाके फिरतात, पण भार चाकांवर न राहता आसावर येतो, आणि गाडी अडते. त्या वेळी अडाणी गाडीवान बैलांना चाबूक मारतो. बैल जीव तोडून ओढतात ते पुढच्याच दिशेने, म्हणजे चाकोरीतच. गाडी हलली तरी चाकोरी सुटत नाही.

जाणता गाडीवान पाच गोष्टी करतो. पहिली, तो गाडीवरून खाली उतरतो आणि चाक कोठे अडले ते वाकून पाहतो. दुसरी, गाडीवरील ओझे उतरवितो. तिसरी, जेथे घळ उथळ आहे अशी जागा शोधतो. चौथी, त्या जागी दगड किंवा काटक्या टाकून बैलांना सरळ न हाकता किंचित तिरपे वळवितो. पाचवी, मागून येणाऱ्या गाडीवानाला हाक मारून चाकाला त्याचा खांदा लावून घेतो. असे केल्यावर चाक वर येते. आज बहुतेक ठिकाणी डांबरी सडका झाल्या, गाड्यांना रबरी चाके आली, आणि ही घळ नव्या पिढीने कदाचित पाहिली नसेल. परंतु शब्द उरला आहे आणि शब्दातील अनुभवही उरला आहे.

दार्ष्टान्तिक

या दृष्टांतात गाडी ती साधकाची दिनचर्या, बैल ती इंद्रिये, कासरा धरणारे ते अवधान आणि घळ ती सवय होय. घळ पडली हा चाकांचा दोष नव्हे. फिरणे हा चाकांचा धर्मच आहे. त्याचप्रमाणे नित्यविधी पुन्हा पुन्हा करणे हा दोष नव्हे. तो विधीचा स्वभावच आहे. दोष तेव्हा येतो, जेव्हा गाडीवान झोपतो. म्हणून ‘नेम सोडला म्हणजे चाकोरी सुटेल’ असे म्हणणारा चुकतो. नेम सोडणारा चाकोरीतून वर येत नाही. तो गाडी वाटेतच टाकून जातो. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे कित्येक चांगले साधक कंटाळ्याला वैराग्य समजले आणि मार्गावरून उतरले. आणि त्याहून अधिक साधक आस घासत असतानाही ‘गाडी चालली आहे’ या समाधानात आयुष्य घालवून बसले. दोन्ही हानी सारख्याच मोठ्या आहेत. पहिली निदान दिसते, दुसरी दिसतही नाही.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी अनुसरलेल्यांसाठी जो आचार निरूपिला, त्याकडे या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे ध्यानात येते. स्वदेशाचा संबंध टाकावा, स्वग्रामाचा संबंध टाकावा, आणि आप्तसंबंधीयांचा संबंध तर विशेषेकरून टाकावा, असे त्या निरूपणाचे तात्पर्य आहे. देशाच्या कडेला, झाडाच्या तळी जन्म घालविण्यास सांगितले आहे. अटन, विजन, भिक्षा आणि स्मरण या आचाराच्या सर्व अंगांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: जीवाने कोठेही रुतू नये. ओळखीचे गाव, ओळखीचे घर, ओळखीचे अन्न आणि ओळखीची स्तुती यांच्या घळीत जीव नकळत उतरतो. अटन म्हणजे पायांना दिलेली शिक्षा नव्हे. चाक घट्ट बसण्यापूर्वीच ते उचलण्याची ती योजना आहे.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. अटनाचीही चाकोरी होते. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच मोटारीने, त्याच चार गावी, त्याच यजमानांकडे जाणारा साधू शेकडो कोस फिरूनही एकाच जागी असतो. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि सायंकाळी डोळ्यांवरची झापड काढली की तेथेच उभा असतो. विजनात बसणारा मनाने बाजारात असेल, तर विजनाचीही घळ पडते. म्हणून उपाय बाह्य क्रियेत नाही, तसा क्रियेवाचूनही नाही. गाडीवानाच्या पाच गोष्टी क्रमाने लावून पाहिल्या म्हणजे हे स्पष्ट होईल. त्यासाठी मार्गातील थोरांची चरित्रे हीच उत्तम साधने आहेत.

पहिले अंग : उतरून पाहणे

महदाइसा पूर्वी दादोसांच्या अनुयायांपैकी होत्या. नंतर त्या सर्वज्ञांच्या सन्निधानी आल्या. लीळाचरित्रात त्यांचे जे रूप दिसते ते अखंड विचारणाऱ्या स्त्रीचे आहे. त्या विचारतात, उत्तर मिळाले की त्यातून पुन्हा विचारतात, आणि स्वामी त्यांच्या या चर्चक वृत्तीचा कौतुकाने उल्लेख करतात. वय, वैधव्य, त्या काळी स्त्रीजातीला शास्त्रचर्चेत असलेले स्थान, यांपैकी एकही गोष्ट त्यांच्या प्रश्नाच्या आड आली नाही. पुढे श्रीप्रभूंच्या सन्निधानी रिद्धपुरी त्यांच्या मुखातून धवळे निघाले आणि मराठीच्या आद्य कवयित्रीचा मान त्यांना मिळाला. ज्या मनाला प्रश्न पडत राहतो त्याच मनात गीत उगवते, हा योगायोग नव्हे.

प्रश्न विचारणे म्हणजे गाडीवरून उतरणे होय. गाडीवर बसून चाक दिसत नाही. साधकाने दिवसातून एकदा, निजण्यापूर्वी, स्वतःला साधे प्रश्न विचारावेत. आज वाचलेली लीळा कोणती? ती कोठे घडली? तेथे कोण होते? स्वामींनी कोणाला काय सांगितले? स्मरण हे नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांचे असते, आणि लीळाचरित्र स्थळ व व्यक्ती यांच्या उल्लेखांनी भरलेले आहे. हे उल्लेख केवळ इतिहासासाठी नाहीत. ते स्मरणाच्या बैठकीसाठी आहेत. ‘परमेश्वर दयाळू आहे’ एवढेच मनात घोळविणारा लवकर पेंगतो. अमुक गावी, अमुक झाडाखाली, अमुक व्यक्तीशी स्वामी कसे वागले हे आठवू लागणाऱ्याला पेंगता येत नाही. उत्तर आले नाही तर खंत करीत बसू नये. नातीच्या प्रश्नावर गप्प झालेले आजोबा त्या क्षणी पंचवीस वर्षांत प्रथमच गाडीवरून उतरले होते.

दुसरे अंग : ओझे उतरविणे

म्हाइंभट सराळ्याचे. शास्त्रांचा अभ्यास मोठा, आणि पांडित्याचा अभिमान त्याहून मोठा. सर्वज्ञांशी वाद करण्याच्या हेतूने ते डोमेग्रामी आले आणि निरुत्तर झाले. परंतु निरुत्तर होणे आणि अनुसरणे यांत अंतर असते. बुद्धीला पटले तरी पाय लगेच उचलले गेले नाहीत. अनुसरणास काळ लागला. ही गोष्ट अभ्यासकांनी झाकू नये. उलट ती आवर्जून सांगावी, कारण पटूनही न उठणारे साधक प्रत्येक पिढीत पुष्कळ असतात आणि आपणच एकटे असे आहोत या लाजेने ते खचतात.

म्हाइंभटांचे ओझे धनाचे होते तसे विद्येचेही होते. वादी म्हणून मिळविलेली कीर्ती हीच त्यांची खोल घळ होती. ती सुटली ती कशी? रिद्धपुरी वाजेश्वरीच्या ठिकाणी नागदेवाचार्य स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत बसत. म्हाइंभटांनी त्यांना विचारले, आणि त्या स्मरणाचा ग्रंथ व्हावा अशी इच्छा धरली. मग जो सर्वांना उत्तरे देण्यात रमत होता तोच प्रश्न विचारू लागला. ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिली वा ऐकली त्यांच्याकडे तो गेला. ते पंडित होते की अपढ, हे त्याने पाहिले नाही. त्यांचे शब्द त्याने त्यांच्याच बोलीत उतरून घेतले आणि आचार्यांकडून पारखून घेतले. असा मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ सिद्ध झाला. त्यात म्हाइंभटांचे पांडित्य कोठेही मिरवत नाही. त्यांनी विद्या टाकली नाही. विद्येचे ओझे टाकले. विद्या टाकली असती तर ग्रंथ झाला नसता, आणि ओझे टाकले नसते तरीही झाला नसता.

साधकाने हे स्वतःला लावून पाहावे. ‘नेमाचा माणूस’ ही गावातील कीर्ती, ‘एवढी वर्षे झाली’ हा हिशेब, ‘आता या वयात नवे काय शिकायचे’ हा मान ही ओझी आहेत. ती उतरविल्यावाचून चाक हलत नाही. जो ज्येष्ठ साधू एखाद्या नव्या अनुसरलेल्या मुलाजवळ बसून ‘हे सूत्र तुला कसे कळले ते सांग’ असे विचारू शकतो, त्याचे अर्धे ओझे त्या वाक्यातच उतरते.

तिसरे अंग : उथळ जागा शोधणे

सर्वज्ञांचे उत्तरापंथे गमन इ. स. १२७४ च्या सुमारास झाले. ज्यांचे सारे जीवन त्या सन्निधानाभोवती उभे होते त्यांची स्थिती काय झाली असेल, याची कल्पना करणेही कठीण आहे. नागदेवाचार्यांचे दुःख सर्वांत अधिक होते. दुःखाचीही घळ पडते, आणि ती सर्वांत खोल असते. तेथून एकदम वर येणे शक्य नव्हते. परंतु स्वामींनी रिद्धपुरी जाऊन श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहण्याची आज्ञा केलेली होती. ती आज्ञा हीच उथळ जागा. शोक संपल्यावर सेवा करू, असे त्यांनी म्हटले नाही. शोक असतानाच सेवा सुरू झाली. पुढे श्रीप्रभूंच्या नंतर साऱ्या परिवाराचा भार याच नागदेवाचार्यांनी वाहिला.

यातून निघणारा नियम असा: जेथे घळ सर्वांत खोल तेथे जोर लावू नये. ज्याचे स्मरण शुष्क झाले आहे त्याने ‘उद्यापासून दुप्पट स्मरण’ असा संकल्प करू नये. तो चाबूक होय. त्याने सेवेपासून आरंभ करावा. आश्रमातील वृद्ध साधूला आंघोळीचे पाणी काढून द्यावे, ओटे झाडावेत, जीर्ण पोथीच्या वेष्टनाला टाका घालावा. हाताला जे जमते तेथे मन मागाहून येते. वासनिकाने घरातील एखाद्या दुर्लक्षित व्यक्तीपासून आरंभ केला तरी चालेल.

येथे एक व्यावहारिक सूचना आवश्यक आहे. सारीच मंदता ही चाकोरी नसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ ज्याला अन्न नको वाटते, झोप येत नाही किंवा उठवत नाही, कशातही रस वाटत नाही, जगणे निरर्थक वाटते, त्याला आळशी किंवा अश्रद्ध म्हणू नये. ती व्याधी असू शकते, आणि व्याधीला वैद्य लागतो. अशाला उपदेशाचे चार शब्द सुनावण्यापेक्षा सोबत घेऊन डॉक्टरांकडे नेणे हाच त्या वेळचा धर्म होय.

चौथे अंग : तिरपे वळण

चाकोरीतून गाडी काटकोनात निघत नाही. तसे केल्यास जू मोडते. थोडे तिरपे वळण पुरते. एकाएकी सर्व बदलण्याचे संकल्प बहुधा आठ दिवस टिकतात आणि मोडल्यावर साधकाला पूर्वीपेक्षा अधिक निराश करून जातात. याउलट नेम तोच ठेवून त्यात एकच लहान बदल करावा. रोज सरळ वाचली जाणारी पोथी एखादा महिना एकच लीळा सात दिवस या क्रमाने वाचावी. मनात वाचणाऱ्याने मोठ्याने वाचावे, मोठ्याने वाचणाऱ्याने लिहून काढावे. नेहमीच्या बाजूने भिक्षेला जाणाऱ्याने गावाच्या दुसऱ्या टोकाने आरंभ करावा. तीर्थस्थानी दरवर्षी जाणाऱ्याने स्थानपोथीतील वर्णन आधी वाचून मग स्थानवंदन करावे. ओटा तोच असतो, पण वंदन करणारा जागा झालेला असतो.

या बाबतीत आधुनिक संशोधनही मननीय आहे. लंडन येथील एका विद्यापीठातील संशोधकांनी ९६ व्यक्तींना रोज एक लहानशी नवी कृती करावयास सांगून ती अंगवळणी पडण्यास किती दिवस लागतात याचा अभ्यास केला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६६ दिवस हे मध्यमान आले. परंतु व्यक्तिपरत्वे हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत दिसला. मधे एखादा दिवस चुकला तरी त्यामुळे सवय लागण्याच्या क्रमात विशेष बाधा येत नाही, असेही आढळले. यातून साधकाने दोन बोध घ्यावेत. एक, शेजाऱ्याला महिन्यात साधले ते आपल्याला सहा महिन्यांत साधले तरी ते कमी नव्हे. दुसरा, एक दिवस चुकला म्हणून संपूर्ण नेम टाकणे हा केवळ मनाचा कावा आहे. मात्र हे संशोधन सवय कशी लागते ते सांगते. लागलेली सवय जागी कशी ठेवावी हे सांगण्याचे काम शास्त्राचे आहे.

पाचवे अंग : दुसऱ्याचा खांदा

केशिराजबास संस्कृतचे मोठे पंडित. निरूपण संस्कृतात बांधावे ही त्यांच्या विद्येची स्वाभाविक ओढ होती. नागदेवाचार्यांनी त्यांस थांबविले. संस्कृतात ग्रंथ झाला तर साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानाला मुकतील, ही त्यामागची कळकळ होती. केशिराजांनी ते मानले. आज सूत्रपाठ आणि दृष्टांतपाठ ज्या मराठीत हाती आहेत, ती मराठी एका पंडिताने आपल्या घळीतून बाहेर येण्याची साक्ष आहे.

दुसरे उदाहरण भास्करभट्ट बोरीकरांचे. शिशुपालवध हे काव्य त्यांनी रचले. रचना उत्तम उतरली. परंपरेत असे सांगतात की, गुरुबंधूने ते ऐकून काव्याची प्रशंसा केली, पण ते शृंगारप्रधान असून निवृत्तांच्या उपयोगाचे नव्हे, असेही स्पष्ट सांगितले. कवीला हे ऐकणे किती जड गेले असेल! परंतु ते रुसले नाहीत. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधाकडे वळून त्यांनी उद्धवगीता लिहिली. प्रतिभा तीच राहिली, वाट मात्र बदलली.

दोन्ही प्रसंगांत घळीत असलेल्याला आपली घळ दिसत नव्हती. कारण ती दोषाची नसून गुणाची घळ होती. मनुष्य आपल्या दोषांना कधी ना कधी ओळखतो. आपल्या गुणांची चाकोरी त्याला दुसऱ्यानेच दाखवावी लागते. म्हणून सन्मार्गात सत्संगाला इतके महत्त्व आहे. परंतु खांदा लावणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे की नागदेवाचार्यांचा निषेध वृद्ध स्त्रियांविषयीच्या करुणेतून आला होता, पंडिताचा पाणउतारा करण्याच्या इच्छेतून नव्हे. आणि गुरुबंधूने आधी प्रशंसा केली, मग उणीव सांगितली. ज्याला एखाद्याला चाकोरीतून काढावयाचे आहे त्याने चाकाला खांदा लावावा, चाबूक उचलू नये.

पूर्वपक्ष

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, जीव हा अनादि अविद्येने बद्ध आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांत मोक्ष देण्याचे सामर्थ्य एका परमेश्वराचेच आहे. मग जीवाने स्वतःच स्वतःला चाकोरीतून काढावे, हे म्हणणे शास्त्राशी विसंगत नाही काय? जे परमेश्वराच्या कृपेने व्हावयाचे ते गाडीवानाच्या युक्तीने कसे होईल?

उत्तरपक्ष

आक्षेप योग्य आहे आणि म्हणूनच त्याचे उत्तर स्पष्ट असले पाहिजे. वरील पाच अंगांनी मोक्ष मिळतो असे येथे प्रतिपादन नाही. गाडीवान गाडी वर काढतो. मुक्कामाचे गाव तो निर्माण करीत नाही. कृपा परमेश्वराची, परंतु कृपेस पात्र होण्याची योग्यता घडविण्याच्या कामी जीवाला विधी सांगितलेला आहे. विधी सांगितला याचाच अर्थ जीवाला काही करणे शक्य आहे. काहीच करता येत नसते तर आचाराचे निरूपणच झाले नसते. भगवान श्रीकृष्णांनीही श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात आपला उद्धार आपणच करावा, स्वतःला खचू देऊ नये असा उपदेश केला आहे, आणि चंचल मनाला अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगितले आहेत. केवळ अभ्यास म्हणजे चाकोरी होण्याचा धोका. केवळ वैराग्य म्हणजे गाडी टाकून जाण्याचा धोका. दोन्ही चाके सारखी फिरली तर वाट सरते.

दुसरे असे की, ‘कृपा होईल तेव्हा होईल’ हे वाक्य खऱ्या शरणागताच्या मुखी शोभते. झोपलेल्या गाडीवानाच्या मुखी ते केवळ झोपेचे समर्थन असते. दोघांतील फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. शरणागताला आपली उणीव रोज टोचते. झोपलेल्याला ती नातीने विचारल्यावाचून कळत नाही.

उपसंहार

एकूण तात्पर्य असे. विधी पुन्हा पुन्हा करणे म्हणजे चाकोरी नव्हे. विधीत कर्ता नसणे म्हणजे चाकोरी. तिच्यावर उपाय विधीत्याग नव्हे आणि विधी दुप्पट करणे हाही नव्हे. महदाइसांप्रमाणे विचारावे, म्हाइंभटांप्रमाणे मानाचे ओझे उतरवावे, नागदेवाचार्यांप्रमाणे दुःखातही आज्ञेचा धागा धरून सेवेला लागावे, नेम राखून त्यात किंचित वळण घ्यावे, आणि केशिराज व भास्करभट्ट यांच्याप्रमाणे हितचिंतकाचा शब्द सोसावा. यांपैकी एक अंग जरी आज साधले तरी चाक हलेल. पाचही एकाच दिवशी साधण्याचा हट्ट धरू नये.

प्रारंभीच्या वासनिकाचे पुढे काय झाले, ते सांगून विवेचन पुरे करावे. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पोथी उघडली, पण नेमलेले पान वाचले नाही. कालचेच पान पुन्हा वाचले. वाचताना नातीला जवळ बसविले आणि मोठ्याने वाचले. मधेच तिने विचारले, ‘‘हे गाव कोठे आहे?’’ आजोबांना ठाऊक नव्हते. त्यांनी पोथी मिटली नाही, की तिला ‘गप्प बैस’ असेही म्हटले नाही. ते म्हणाले, ‘‘मला माहीत नाही, बाळ. आश्रमात जाऊन बाबांना विचारू या.’’ त्या दिवशी नेमाची पाने अपुरी राहिली. परंतु पंचवीस वर्षांत प्रथमच आजोबा एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आश्रमाच्या वाटेला लागले, आणि त्यांचे बोट धरून नात पुढे चालली होती.